‘जट कापून टाक, विषय संपव’

काकू, नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, गेली सोळा वर्षं लंडनजवळ हॅरोला राहते. नवऱ्याचा जन्म बर्मिंगहॅमचा; त्याचे आईवडील साठच्या दशकात जमैकाहून आले. आमचा मुलगा बारा वर्षांचा, यंदा इयर एटमध्ये. त्याचे आजोबा रास्ताफारी, म्हणजे जमैकात सुरू झालेल्या एका धर्मपंथाचे होते; कमरेपर्यंत लॉक्स, म्हणजे घट्ट वळलेल्या लांब बटा होत्या त्यांच्या. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यानंतर यानं लॉक्स ठेवायला सुरुवात केली. विचारलं तर एवढंच म्हणाला, ‘आता घरात कुणाचेच नाहीत.’

गेल्या वर्षी शाळेत कुणी काही बोललं नाही. यंदा नव्या हेडटीचर आल्या आणि नियम बदलले. मुलांचे केस कॉलरच्या वर हवेत. वेण्या, कॉर्नरोज, लॉक्स बंद. १६ सप्टेंबरला त्याला पहिल्यांदा ‘आयसोलेशन’मध्ये बसवलं, म्हणजे वेगळ्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. आजपर्यंत असे अकरा दिवस झाले. शाळा म्हणते, धार्मिक कारण असेल तर धर्मगुरूचं पत्र आणा. नवरा म्हणतो, ‘काप. माझेही कापले होते.’ मंडळाच्या ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांचं एकच, शाळेचे नियम पाळावेत. आईनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, ‘ही जट कापून टाक, विषय संपव.’ माझी आई जुन्या वळणाची नाही हो. ती नर्स होती, बायकांच्या जटा सोडवायला अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांबरोबर गावोगाव जायची. आणि खरं सांगू? कधी कधी मलाही त्या केसांत तेच दिसतं. मुलाला समजवायला गेले तर म्हणाला, ‘तुला नाही कळणार. तुझे केस सरळ आहेत.’

कापू की लढू?

— साताऱ्याची लेक, हॅरो

*

तू ‘काकू’ म्हणालीस, तेव्हा अगंतुगंच करते.

पोरगं बारा वर्षांचं आहे, पण नेमकं बोट ठेवलंय त्यानं. कायद्याचं सगळं सांगते, बरंच आहे आणि बरंचसं तुमच्या बाजूचं आहे. पण आधी तुझ्या-माझ्या सरळ केसांबद्दल बोलू दे.

मी सांगलीच्या शाळेत शिकले. चपचपीत तेल, दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनीनं बांधलेल्या. रिबीन विसरली की प्रार्थनेला बाहेर उभं करायचे. मला त्या नियमाचा कधी जाच वाटला नाही, कारण आई सकाळी स्टोव्हवर चहा उकळेपर्यंत माझ्या दोन्ही वेण्या घालून मोकळी व्हायची. वर्गात दाट कुरळ्या केसांची एक मुलगी होती. तिला आम्ही ‘टोपलं’ म्हणायचो. बाईंनाही हसू यायचं. रोज सकाळी त्या मुलीच्या घरी काय चालत असेल, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो पन्नाशीला टेकल्यावर, तोही स्वतःच्या हातून चूक घडल्यावर.

लेस्टरच्या एका शाळेत मी गणित शिकवायचे. एकदा एक मुलगी पावसात भिजून वर्गात आली, केस चहूबाजूंनी फुललेले. मी पर्समधला कंगवा काढला, आपला नेहमीचा, बारीक दातांचा, आणि तिच्या हातात देऊन म्हटलं, जा, नीट विंचरून ये. तास संपला तरी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कंगवा माझ्या टेबलावर आणून ठेवला. दोन दात तुटले होते. ‘सॉरी, मिस,’ म्हणाली. सॉरी तिनं म्हटलं, मी नाही.

मग स्टाफरूममध्ये घानाहून आलेल्या एका सहकारी बाईंनी मला समोर बसवून शिकवलं. घट्ट कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतच नाही. केस कोरडे राहतात, प्रत्येक वळणावर तुटायला टेकलेले असतात. त्यात कोरडा कंगवा घालायचा म्हणजे केस मोडायचेच. रोज न्हायचंही नाही. म्हणून ते विणून, पिळून, बांधून ठेवायचे. डोक्याला चिकटून ओळीनं घातलेल्या वेण्या म्हणजे कॉर्नरोज; बटा वळून त्या तशाच घट्ट होऊ दिल्या की लॉक्स. त्यात नटणं आहे, आईच्या नाहीतर मावशीच्या गुडघ्यांमध्ये तासन्‌तास बसून ऐकलेल्या गोष्टी आहेत, पण मुळात ती केस शाबूत ठेवायची रीत आहे. ती नको तर दुसरा मार्ग काय? रसायनानं केस सरळ करायचे. त्या औषधांत कॉस्टिक सोडा असायचा, आणि डोकं भाजलेल्या बायका काही थोड्या नाहीत.

‘नीटनेटके, साधे, कॉलरच्या वर.’ नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुणाचं डोकं होतं, ते अशा शब्दांतच कळतं.

आता तुझ्या आईचं. तुझ्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि त्या बाईबद्दल मला आदरच वाटला. जट म्हणजे काय हे इथल्या हेडटीचरला कुठून ठाऊक असणार? आपल्याला ठाऊक आहे. गुंता झाला, धुणं राहिलं, केस एकमेकांत धरले, की कुणीतरी म्हणायचं, देवीचं बोलावणं आलं. मग पोरीला यल्लमाला सोडायची. सौंदत्तीच्या डोंगरावर अशा किती जणी गेल्या असतील. मानेवर ते ओझं, आत उवा, जखमा, वास, आणि कात्री लावली तर घरावर कोप होईल ही धास्ती. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली ती तुमच्या साताऱ्यातूनच, आणि तिथल्या बायकांनी हे काम किती चिवटपणे केलं ते तू घरातच पाहिलं असशील. मोबाइलच्या चार इंची पडद्यावर नातवाचं डोकं पाहून तुझ्या आईच्या पोटात गोळा आला, तो त्या सगळ्या बायकांचा होता.

पण आता तिला शांतपणे एकच गोष्ट विचार. एखादी बाई ‘नको’ म्हणाली, तर तू काय करायचीस? मला या कामातल्या दोघी-तिघी माहीत आहेत. त्या सांगतात, दिवसचे दिवस बसून समजूत काढायची, घरच्यांशी बोलायचं, आणि बाईनं मान हलवल्याशिवाय कात्री पिशवीतून काढायचीच नाही. तुझ्या आईचंही उत्तर हेच येईल, असं मला खात्रीनं वाटतं. तसं झालं की तिला म्हण, इथे नातवाची मान हललेली नाही.

आणि दुसरं, तिला ते केस जवळून दाखव. नुसता चेहरा दिसेल असा फोन धरू नकोस, वेगवेगळ्या बटा दाखव, मधली स्वच्छ टाळू दाखव. लॉक्स धुतात, वाळवतात, मुळाशी पुन्हा वळून घेतात. तुझ्या मुलाच्या डोक्यावर कुणाची धास्ती बसलेली नाही. उलट, ज्या माणसाची आठवण घरातून पुसली जाऊ नये असं त्याला वाटलं, त्याच्यासारखं तो दिसायला बघतोय.

(जाता जाता: १८४५ पासून हिंदुस्थानातले गिरमिटिया मजूर जमैकात गेले आणि गांजा, चिलीम हे शब्द तिथे रुजले. रास्ताफारींच्या लॉक्समागे आपल्या साधूंच्या जटा आहेत असं काही अभ्यासक मानतात. बाकीचे बायबलमधल्या नाझीर व्रताकडे बोट दाखवतात, ज्यात डोक्याला वस्तरा लावायचा नसतो, नाहीतर आफ्रिकेतल्या लढवय्यांकडे. वाद मिटलेला नाही. आईला एवढ्यात सांगू नकोस, ती साधूंवर घसरेल आणि मूळ मुद्दा राहील बाजूला.)

आता कायदा. हॅरोत राहतेस म्हणजे केंटन तुला माहीतच आहे. २००९ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सेंट ग्रेगरीज या कॅथलिक शाळेत अकरा वर्षांचा एक मुलगा पहिल्या दिवशी कॉर्नरोज घालून गेला आणि त्याला आत घेतलं नाही. जन्मापासून त्याचे केस कापले नव्हते, घराण्याची तशी रीत होती. शाळेचं म्हणणं, आमच्या भागात टोळ्यांची भीती आहे, केसांवरून टोळ्या ओळखल्या जातात, म्हणून सगळ्या मुलांचे केस आखूड हवेत. हेतू वाईट नव्हता बरं का. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जून २०११ मध्ये न्यायमूर्ती कॉलिन्स यांनी निकाल दिला की हा वंशावरून झालेला अप्रत्यक्ष भेदभाव आहे आणि शाळेनं दिलेलं कारण त्याला पुरत नाही. त्यांनी आखूड केसांचा नियम सरसकट मोडीत काढला नाही. घरची खरी रीत असेल तिथे अपवाद करायला शाळा तयार हवी, एवढंच म्हटलं.

याच निकालातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. ‘मुलींना कॉर्नरोज चालतात, मग मुलांना का नाही’ हा मुद्दाही त्या घरानं मांडला होता, आणि तो टिकला नाही. तुला हाच मुद्दा सगळ्यात आधी सुचेल, कारण तो अगदी सरळ दिसतो. त्यावर भिस्त ठेवू नकोस.

‘अप्रत्यक्ष’ हा शब्द नीट समजून घे, कारण तुझ्या मंडळातले लोक इथेच अडतात. नियम सगळ्यांना सारखाच आहे, मग भेदभाव कसला? कायदा म्हणतो, नियम सारखा असला तरी त्याचा भार एकाच समाजाच्या मुलांवर जास्त पडत असेल, तर शाळेनं दोन गोष्टी दाखवायच्या. एक, नियमामागे रास्त हेतू आहे; दोन, तो हेतू साधायला एवढं कडक होणं गरजेचं होतं. नाही दाखवता आल्या तर नियम बेकायदा. २०१० च्या इक्वालिटी ॲक्टमध्ये ‘केस’ असा शब्द संरक्षणाच्या यादीत नाही, पण वंश आहे आणि धर्म-श्रद्धाही आहे. केस त्या दोन्हींच्या आत येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथल्या समता आणि मानवी हक्क आयोगानं शाळांसाठी खास याच विषयावर मार्गदर्शन काढलं. आफ्रो (म्हणजे गोल फुललेले कुरळे केस), वेण्या, कॉर्नरोज, लॉक्स यांची नावं घेऊन सांगितलं की वांशिक कारणासाठी अपवाद न ठेवता अशा केसांवर बंदी घालणं बहुधा बेकायदाच ठरेल. तुझ्या हेडटीचरनी ते वाचलेलं नाही, नाहीतर वाचून बाजूला ठेवलंय. दोन्ही शक्य आहे.

आता ‘धर्मगुरूचं पत्र’. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. रास्ताफारींमध्ये शिक्का मारून पत्र देणारं मध्यवर्ती चर्च आहे कुठे? पण तुझ्या नवऱ्याच्या गावाचीच एक गोष्ट सांगते, म्हणजे हा खटाटोप कुठून आला ते कळेल. बर्मिंगहॅमच्या पार्क ग्रोव्ह शाळेनं एका शीख मुलाला पगडी आणि न कापलेले केस यांमुळे प्रवेश नाकारला. अपील कोर्टात लॉर्ड डेनिंग म्हणाले, शीख हा वांशिक समूह नाही. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च कोर्टानं, ते फिरवलं. समूहाला स्वतःचा लांबचा इतिहास आणि स्वतःच्या चालीरीती हव्यात, त्या शिखांना आहेत. आणि ‘केस कापता येतात की, मग कापा’ असं म्हणून भागत नाही, आपल्या रीतीभाती सांभाळून ते खरोखर करता येतं का, ते बघायचं. आज इथल्या शाळांत पगडीवाली मुलं दिसतात, त्याच्यामागे तो निकाल आहे.

पण तीच मोजपट्टी दहा वर्षांनी रास्ताफारींना लावली. व्हॅन चालवण्याच्या नोकरीसाठी गेलेल्या एका रास्ताफारी माणसाला लॉक्स कापायला सांगितलं, त्यानं नकार दिला, नोकरी गेली. १९९३ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, तुमचा सामायिक इतिहास जेमतेम साठ वर्षांचा, तेवढ्यानं वांशिक समूह होत नाही. तुझ्या सासऱ्यांच्या पिढीला या देशाच्या कोर्टानं हे ऐकवलं आहे. नंतर कायद्यात धर्म आणि श्रद्धा आली आणि ती फट बुजली. २०१७ मध्ये फुलममधल्या एका शाळेनं बारा वर्षांच्या रास्ताफारी मुलाला हेच सांगितलं, लॉक्स काप नाहीतर बाहेर. आयोगाच्या मदतीनं आई कोर्टात गेली आणि २०१८ मध्ये शाळेला माघार घ्यावी लागली. पण तोपर्यंत त्या मुलानं शाळा बदललेली होती. हे मी मुद्दाम सांगते. जिंकायला वर्ष लागतं, आणि बाराव्या वर्षी ते वर्ष फार मोठं असतं.

म्हणून माझा सल्ला, धर्माचं दार पहिलं ठोठावूच नकोस. ते उघडं आहे, पण तिथून आत गेलीस की शाळा विचारणार, तो प्रार्थना करतो का, मांस खातो का, आजोबांची श्रद्धा त्याचीही कशावरून. बारा वर्षांच्या पोराची ती उलटतपासणी कशाला? वंशाच्या दारावर कुणाचंही पत्र लागत नाही. तो काळ्या बापाचा मुलगा आहे, त्याचे केस त्या घराचे आहेत, आजोबांनी असेच ठेवले होते. बस. धर्माचा मुद्दा त्याच अर्जात दुसऱ्या क्रमांकावर लिही.

आणि ‘सक्तीचं आहे का?’ असं कुणी विचारलंच, तर दरबानची गोष्ट सांग. ही तुझ्या आईलाही सांग, कारण ती चमकीची गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानमध्ये एका तमिळ हिंदू मुलीनं नाक टोचून चमकी घातली. शाळा म्हणाली, दागिना चालणार नाही. आईनं प्रामाणिकपणे सांगितलं की धर्मात याची सक्ती नाही, आमच्याकडची रीत आहे. २००७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं, सरन्यायाधीश पायस लांगा यांनी, मुलीच्या बाजूनं निकाल दिला. जे माणूस सक्तीनं नाही तर आपखुशीनं पाळतं, त्यालाही संरक्षण आहे, असं ते म्हणाले. एकीला परवानगी दिली तर उद्या सगळी पोरं काहीबाही घालून येतील, या शाळेच्या भीतीलाही त्यांनी भीक घातली नाही. तो निकाल इथे बंधनकारक नाही. पण साताऱ्यात बसलेल्या, नाकात चमकी असलेल्या बाईला तो एका मिनिटात कळेल.

अमेरिकेकडे बघून मात्र हुरळू नकोस. तिथे कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये केसांवरूनचा भेदभाव रोखणारा कायदा केला, पुढे टेक्सासनंही केला. तरी टेक्सासमध्ये एका शाळकरी मुलाचे लॉक्स शिक्षेला कारण झालेच आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधीशानं शाळेचं बरोबर ठरवलं. का, तर कायद्यात केसांच्या लांबीचा शब्द नाही. शाळांना पळवाटा सापडतात. तुझ्या शाळेचा नियमही ‘कॉलरच्या वर’ म्हणतो ना? म्हणून तक्रारीत लॉक्स आणि लांबी, दोन्हींबद्दल लिही.

सोमवारपासून काय करायचं ते सांगते. एक वही कर. अकराच्या अकरा दिवसांच्या तारखा, किती वाजता नेलं, कुणी नेलं, कोणते तास बुडाले, काय काम दिलं. मुलाला एकदाच बसवून विचार, रोज रोज खोदू नकोस. मग हेडटीचरना ईमेल. रागाचं एकही वाक्य नको. चार गोष्टी मागायच्या: नियमाची लेखी प्रत, हा नियम करताना वंश आणि धर्म यांवर काय परिणाम होईल याचा विचार केला त्याची नोंद (सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांवर, अकॅडमी असली तरी, असा विचार करण्याचं बंधन आहे), अपवाद मागायची पद्धत, आणि उत्तर येईपर्यंत मुलाला वर्गात बसू देणं. खाली २०२२ च्या मार्गदर्शनाचा उल्लेख कर. पुष्कळदा गाडी इथेच थांबते, कारण शाळेचा वकील ते वाचतो. नाही थांबली तर तक्रारीची ठरलेली पायरी, मग शाळेचं गव्हर्नर मंडळ. त्याबरोबरच इक्वालिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिसला फोन लाव, तो सल्ला फुकट असतो. आणि ‘आज जरा घरी घेऊन जा’ असा फोन शाळेतून आला तर गप्प जाऊन आणू नकोस. हे लेखी द्या, म्हण. कागदावर न आणता मुलाला घरी बसवणं शाळेला चालत नाही.

पैशांच्या आशेनं यात उतरू नकोस. पूर्व लंडनच्या हॅकनीतल्या रूबी विल्यम्सला तिच्या आफ्रोमुळे शाळेनं पुन्हा पुन्हा घरी पाठवलं होतं. २०२० मध्ये तडजोड झाली, ८,५०० पौंड मिळाले, शाळेनं चूक मात्र कबूल केली नाही. तेवढ्या पैशांत शाळेची वर्षं परत येत नाहीत. पण पुढे ती याच विषयावर जाहीरपणे बोलत राहिली, हे मला त्या पैशांपेक्षा मोठं वाटतं.

या सगळ्यात मुलाला निरोप्या करायचं नाही. ‘मॅडमना सांग, आई म्हणाली’ हे बंद. भांडण तुम्हा दोघांचं आणि शाळेचं, कागदावरचं. त्यानं शाळेत जाऊन भूगोल शिकायचा.

‘तुम्हा दोघांचं’ म्हणाले खरी, पण तुझा नवरा यात कुठे आहे? ‘माझेही कापले होते.’ या तीन शब्दांवरून तू पुढे निघून गेलीस, मी नाही जाऊ शकले. कुणी कापले? किती वर्षांचा होता? घरात लॉक्सवाला बाप असताना हा आखूड केसांनी वाढला, म्हणजे काहीतरी घडलेलं आहे. एका रात्री पोरगं झोपल्यावर चहा कर आणि विचार. सल्ला मागू नकोस, नुसतं विचार. तो ‘काप’ म्हणतो ते शाळेच्या बाजूनं बोलत नाही. जो मार त्यानं खाल्ला तो मुलाला बसू नये, एवढीच त्याची धडपड असेल. ती गोष्ट पुढे मुलाच्या कानावर बापाच्याच तोंडून जाऊ दे. ‘तुझे केस सरळ आहेत’ याला तुझ्याकडे उत्तर नाही. बापाकडे असेल.

मंडळाच्या ग्रुपचं म्हणशील, तर तिथे पुन्हा विचारू नकोस. तिथल्याच एखाद्या घरातल्या मुलाची मुंज होईल, गोटा करून पोरगं सोमवारी शाळेत जाईल, आणि तेव्हा कळेल की इथल्या कितीतरी शाळांत फार बारीक केसांवरही बंदी असते. तेव्हा ते तुझ्याकडेच येतील, ईमेलचा नमुना मागायला. दे.

तू विचारलंस, कापू की लढू. माझं मत विचारशील तर आत्ता कापू नका. आयसोलेशनच्या खोलीत बसून बसून पोर ‘कापून टाक’ म्हणालं, तर तो त्याचा होकार धरू नकोस. प्रकरण मिटल्यावर, पुढच्या वर्षी, पंधराव्या वर्षी, त्याला स्वतःलाच कंटाळा आला आणि न्हाव्याकडे जाऊन बसला, तर हसत घेऊन जा. केस त्याचे. आणि शाळा बदलायची वेळ आलीच, तर हरलो असं घरात कुणी म्हणायचं नाही.

एक तारीख मात्र चुकवायची नाही. कौंटी कोर्टात दावा लावायचा तर घटनेच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत, एक दिवस कमी धरून. शाळेची तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. १६ सप्टेंबरपासून मोजलं तर १५ मार्च. पुढे पुन्हा पुन्हा बसवलं म्हणून मुदत लांबते असा युक्तिवाद करता येतो, पण तू पहिलीच तारीख धर. साताऱ्याहून नवीन कालनिर्णय आलं की त्या चौकोनात आधी लाल पेनानं लिही, आणि मग भिंतीला लाव.